ती यादी मी पाठवणार नाही! आमच्या गावच्या मुंबई मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकणारे आमचे समस्त चाकरमानी दादा, वहिनी, भावोजी, मामा,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात ग्रुपवर तुमचा मेसेज आला की यंदा गणपतीत पाचव्या दिवशी मंडळातर्फे गावातल्या 'दानशूर व परोपकारी' 11 जणांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचाय, स्टॉपवर फ्लेक्स लागणार, शूटिंग पण होणार, आणि नावांची यादी गिरणवाल्या वहिनींनी करून पाठवावी. गिरणवाली वहिनी म्हणजे मीच. मला निवडलंत ते बरोबरच केलंत म्हणा, कारण सिंधुदुर्गातल्या या आपल्या एवढ्याशा गावात कोणाकडे काय चाललंय ते पीठ पडायच्या आधी माझ्या गिरणीत पडतं. सोबत तुम्ही नमुना पण पाठवलात, नाव, वाडी, कार्याचे स्वरूप, लाभार्थी संख्या, पासपोर्ट साइज फोटो. मी वही घेऊन बसले. पंधरा दिवस बसले. वही अजून कोरीच आहे आणि ती कोरी का राहिली ते फोनवर सांगायला गेले तर सेक्रेटरी भावोजी मीटिंगमध्ये होते, परत केला तर ट्रेनमध्ये होते, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, राग मानू नका, मानलात तर गणपतीला आल्यावर बोलू.

सुरुवात मी सोप्या नावापासून करायची म्हणून वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरपासून केली. तुम्हाला आठवतेय ना वस्तीची गाडी, रात्री साडेआठला येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या बाजूच्या खोलीत झोपतात, सकाळी साडेपाचला तीच गाडी तालुक्याला जाते. आता जो कंडक्टर आहे तो घाटावरचा, आपल्याकडचे मासे खायला शिकतोय अजून, काट्याला घाबरतो. हा माणूस गेली दोन वर्षं आपल्या गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांची डायबेटिसची आणि बीपीची औषधं तालुक्याच्या मेडिकलमधून घेऊन येतो. चिठ्ठी सकाळी त्याच्या हातात द्यायची, रात्री पिशवी मिळते. इन्सुलिन असेल तर थर्मासमध्ये बर्फ घालून आणतो, थर्मास त्याचा स्वतःचा. मी त्याला म्हटलं दादा, तुमचं नाव टाकतेय सत्काराला, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काय मी त्याच्यावर केसच टाकतेय. म्हणाला, "ताई, गाडी येतीच की इकडं, पिशवी काय डोक्यावर घिऊन येतोय व्हय? आन फ्लेक्सवर नाव लावलंसा तर उद्या साहेब विचारतील ह्या पार्सलचं तिकीट कुठाय, मग मेमो मी घ्यू का तुमचं मंडळ घेणार?" आता सांगा, कार्याचे स्वरूप या रकान्यात मी काय लिहू? अर्धी कामं नियमात बसत नाहीत म्हणूनच माणसं ती गुपचूप करतात, तुम्ही त्यांच्यावर फोकस मारलात की ती बंद पडणार.

बरं मग मधल्या वाडीतल्या त्या दोन भावांकडे गेले. कोण दोन भाऊ ते सांगायची गरज नाही, सामाईक सात-बारावर कितीतरी नावं आणि त्यात या दोघांची केस, वकिलांची मुलं त्या केसवर इंजिनियर झाली. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, अल्याड-पल्याड राहतात, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण मागच्या जानेवारीत धाकट्याची गाय अडली, वासरू अर्धं बाहेर, रात्रीचे दोन, डॉक्टर येणार सकाळी. थोरला बॅटरी घेऊन गडग्यावरून उडी मारून आला, कोपरापर्यंत हात घालून वासरू वळवलं, बाहेर काढलं, नाकातोंडातला चिकटा पुसला, गायीला गूळ-पाणी पाजलं, आणि हात धुऊन आला तसा परत गेला. एक शब्द बोलला नाही. सकाळी परत गडग्यावरून शिव्या चालू. मी त्याला विचारलं तर म्हणतो कसा, "वासराक काय म्हायत, केस खंयच्या सर्वे नंबराची आसा ती?" याचा सत्कार केलात तर बिचारा कोर्टात काय तोंड दाखवणार, समोरच्या पार्टीच्या गायीची डिलिव्हरी केली म्हणून!

मग ती मागल्या वाडीतली कॉलेजची मुलगी. 2024 च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुटले तेव्हा काय धुमाकूळ होता ते तुम्हाला मुंबईत पण माहीत असेल. आपल्याकडे रेंज येते ती सड्यावर, वरच्या खडकाळ माळावर, त्या एकट्या आंब्याखाली, आणि पाऊस म्हणजे नुसता ओतत होता. ही पोरगी कॉलेजवरून आली की छत्री, मोबाइल आणि प्लास्टिकच्या पिशवीत बायकांची आधारकार्ड घेऊन वर जायची, एक एक फॉर्म, ओटीपी आला की खाली उभ्या असलेल्या पोराला हाक, तो धावत जाऊन त्या बाईला विचारून परत हाक मारणार, तोवर ओटीपीची वेळ संपली, परत पहिल्यापासून. कोणी तिला दहा रुपये दिले नाहीत, तिने मागितले पण नाहीत. मी म्हटलं किती जणींचे भरलेस गं, लाभार्थी संख्या लिहायचीय. ती म्हणाली, "मोजले नाय ओ काकी, चार्ज संपला की खाली यायचे." लिहू का तसं? लाभार्थी संख्या, चार्ज संपेपर्यंत?

तर असं एकेकाकडे जातेय आणि एकेक जण मलाच वेड्यात काढतोय. पण खरं कारण ते नाही ज्याच्यासाठी मी यादी अडवून धरलीय. खरं कारण म्हणजे गेल्या वर्षीचा सत्कार. त्याबद्दल तुम्हाला अजून कोणी नीट सांगितलेलं नाहीये, कारण तुम्ही दुसऱ्याच दिवशी गाड्या भरून गेलात.

स्टॉपसमोरची काकी. तिची पडवी म्हणजे आपल्या गावाचं वेटिंग रूम. पहाटेची गाडी साडेपाचला, त्याआधी माणसं येऊन थांबतात, कोण सिव्हिलला चाललेला असतो, कोण परीक्षेला, कोण बाळंतिणीला बघायला. काकी चार वाजता उठतेच, चुलीवर आधण असतंच, जो दिसेल त्याला कपभर कोरा चहा, पोरांना त्यात बुडवायला एखादा बटर. आणि पडवीच्या वाशाला चार-पाच जुन्या छत्र्या टांगलेल्या. कोणाची तार गेलेली, कोणाची मूठ तुटलेली, काकीने सुतळी बांधून चालत्या केलेल्या. पाऊस आला, तुझ्याकडे छत्री नाही, घे आणि जा, येताना टांग. कोणी कधी विचारायचं नाही, कोणी कधी थँक्यू म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. काकीला भोपळे हवे असले की कोणाच्या तरी वेलावरून यायचे, लाकडं फोडायची असली की गाडीची वाट बघणारा कोणीतरी दहा मिनिटं कुऱ्हाड चालवून जायचा. माझ्या गिरणीत तिच्या दळणाचे पैसे मी कधी घेतले ते मला आठवत नाही, आणि हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, माझी दोन्ही पोरं तिच्या पडवीत बसून दहावी झाली.

गेल्या गणपतीत तुम्ही तिला स्टेजवर बोलावलंत. बरं केलंत असंच मला पण त्या दिवशी वाटलं, खोटं कशाला बोलू, टाळ्या मी पण वाजवल्या. मग स्टॉपवर तो दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. वर तुम्हा सगळ्यांचे फोटो, मध्ये काकीचा नऊवारीतला, आणि खाली मोठ्या अक्षरात 'मोफत चहा व छत्री सेवा'. मोफत!! तो एक शब्द वाचला आणि माझ्या पोटात काहीतरी हललं, पण तेव्हा कळलं नाही काय ते.

पंधरा दिवसांत कळलं. पहिल्यांदा शाळेतल्या पोरांच्या आया. आपलं पोर मोफत चहा पितं असं फ्लेक्सवरच लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी पोरांना घरून दूध पिऊन पाठवायला सुरुवात केली, आपण काय मागते आहोत काय. मग सिव्हिलला जाणारी माणसं पडवीत चढायच्याऐवजी स्टॉपच्या गळक्या शेडखाली उभी राहायला लागली. उलट बीचवर येणारे टुरिस्ट फ्लेक्स वाचून गाडी थांबवायचे, "फ्री टी इकडेच ना?", चहा प्यायचे, काकीबरोबर सेल्फी, आणि जाताना पन्नासाची नोट तिच्या हातात कोंबायचे. ती नोट हातात धरून काकी अशी उभी राहायची की बघवत नव्हतं. तेवढ्यात विरारवरून मुलाचा फोन, आई, माझ्या ऑफिसमधल्यांनी फोटो बघितला, लोक विचारतायत तुझी आई गावाला चहा वाटते का, मी पैसे पाठवत नाही असं वाटतं सगळ्यांना. दिवाळीपर्यंत काकीने पडवीचा दरवाजा लावून घेतला. मी विचारलं तर म्हणाली, "च्या द्यायचा काय नाय गो, आधण असताच. पण आता माका लाज वाटता." काही वाईट केलं नाही त्या बाईने आणि लाज तिला वाटतेय! छत्र्या तशाच वाशाला. आता त्या घेतल्या तर सेवेचा लाभ घेतल्यासारखं होतं ना.

तुम्ही म्हणाल वहिनी, एवढं काय, एका फ्लेक्सचं किती ताणताय. म्हणून अजून एक सांगते, हे जुनं आहे, पण तुम्ही विसरला असाल आणि आम्ही नाही.

तौक्ते वादळ आलं ना, 16 मे 2021, रविवार होता. घरांची कौलं उडाली, माड आडवे, पोल आडवे, कितीतरी दिवस लाइट नव्हती. मंडळाने टेम्पो भरून किट पाठवली, तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या, ताडपत्री. मनापासून सांगते, त्या ताडपत्र्या नसत्या तर जूनमध्ये हाल झाले असते, त्याबद्दल तुमचे उपकार आहेतच. पण प्रत्येक किट देताना फोटो. एका बाजूला मंडळाचं टी-शर्ट घातलेला आपला माणूस, दुसऱ्या बाजूला घेणारा, मध्ये पिशवी, दोघांनी पिशवीला हात लावायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. सगळे फोटो ग्रुपवर. त्या खालच्या वाडीतल्या वहिनीचा पण, जिचा नवरा वर्षभरापूर्वी गेलेला, सोबत तिचा नऊ वर्षांचा मुलगा. पोरांनी त्याचं नाव किटवाला पाडलं. पोरं ती पोरंच, त्यांना काय दोष देणार. पण त्या मुलाने त्या तांदळाचा भात खायचं बंद केलं. किटातला भात नको, म्हणायचा. त्याची आई रडत माझ्या गिरणीत आली, तो तांदूळ माझ्याकडे ठेवला आणि माझ्याकडचा घेऊन गेली. तांदूळ तसाच, पिशवी फक्त वेगळी.

आणि हाच मुलगा, हा, नीट ऐका, हाच मुलगा पुढच्या सीझनला रापणीवर जायला लागला. तुमच्यातल्या ज्यांची पोरं मुंबईत वाढली त्यांच्यासाठी सांगते, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते लांबलचक जाळं, होडीने समुद्रात गोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसं ओढतात. मालक-भागीदारांचा हिशोब वेगळा असतो, पण दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो. पोर असो, म्हातारा असो, वाटेने जाणारा असो. कोण किती जोरात ओढत होता ते कोणी बघत नाही. आमच्याकडचे एक आजोबा आहेत, त्यांना आता नीट उभं पण राहवत नाही, ते वाळूत बसून दोर नुसता हातातून सरकू देतात आणि त्यांच्या पिशवीत पण चार बांगडे पडतात. हा मुलगा ओल्या चड्डीत, पिशवीत तारल्या घेऊन असा झोकात घरी जायचा की बघत राहावं. त्याला कोणी चिडवलं नाही. गरज तीच, घर तेच. मासे तर किटपेक्षा स्वस्तच. पण त्याला तो वाटा वाटला, आणि तुमची पिशवी मदत वाटली. या दोन शब्दांमधलं अंतर मला काही नीट समजावता येत नाही, पण आपल्या गावाचा सगळा कारभार त्या अंतरावर चालतो एवढं कळतं.

बघा ना, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खारवीवाड्यात पैसे नसतात, तेव्हा वरच्या वाडीतून फणस, कुळीथ, सुकवलेली सोलं खाली जातात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या लागल्या की खालून मासे वर येतात. लावणी पैऱ्याने, आज तुझ्या मळ्यात, परवा माझ्या. शेजारणीकडून आलेला डबा कधी रिकामा परत जात नाही, काही नाही तर चार मिरच्या टाकून जातो. यात कोणी दाता नाही, कोणी लाभार्थी नाही. आणि तुम्ही, माफ करा हां, पण तुम्ही गणपतीला येता आणि काकूने नारळ-कोकमाची पिशवी हातात दिली की दारातच मोबाइल काढून विचारता, "किती झाले? क्यूआर आहे का?" माणसाचं तोंड एवढंसं होतं. पैसे देऊ नका असं नाही, पोरांच्या हातात द्या, देवापुढे ठेवा, पुढच्या वेळी येताना तिला मुंबईहून गुडघ्याचा पट्टा आणा. पण दारात हिशोब चुकता करू नका, चुकता झाला की संपलं ना सगळं.

यात नवीन काही नाही, तुमच्या मंडळाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं एकेकाळी. मंडळाचा जन्म कुठे झाला? लालबागच्या त्या गावकीच्या खोलीत. माझे सासरे त्या खोलीत होते, भिंतीला लागून ट्रंका, पाळीप्रमाणे झोपायचं, एक मिलमधून आला की दुसऱ्याची चादर गुंडाळायची. गावावरून नवीन पोर आलं की त्याला नोकरी लागेपर्यंत जागा फुकट, आणि फुकट हा शब्द पण कोणी वापरायचं नाही, 'तुझी पाळी' म्हणायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, तेव्हा सासरे ज्या बाईच्या खानावळीत जेवायचे तिने कितीतरी महिने पैशाचं नाव काढलं नाही. तिचं स्वतःचं घर त्या जेवणावर चालायचं. अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरवांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, त्या बायका काय सुखवस्तू नव्हत्या. सासरे शेवटी ट्रंक घेऊन गावाला आले, मिल परत काही मिळाली नाही, पण पुढची सात-आठ वर्षं मे महिन्यात मुंबईला जाणाऱ्याबरोबर तिच्यासाठी फणस, काजूगर आणि पायलीभर उकडा तांदूळ जायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं, मामंजी, त्या बाईंचं नाव काय. त्यांना आठवेना! खानावळीतली मावशी, बस. तांदूळ बरोबर पोचायचा पण.

आता एक कडू पण लिहून टाकते, नाहीतर वाटेल मी गावाची आरती ओवाळतेय. आपला हा चांगुलपणा काही सगळ्यांसाठी नव्हता. तहानलेल्याला गूळ-पाणी देणारं आपलं कोकण, आणि याच कोकणात कोणाच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं आणि कोणाला तांब्या द्यायचा हे जातीवर ठरायचं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा मुंबई कौन्सिलातला बोल्यांचा ठराव 1923 चा, महाडच्या नगरपालिकेने 1924 ला तळं सगळ्यांना खुलं केल्याचं कागदावर लिहिलं, तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायला जावं लागलं, आणि नंतर त्या माणसांना मार खावा लागला. आपल्या गावातली खालची विहीर पण माझ्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सगळ्यांची झाली, कोण कोण आडवं आलं होतं ते मला माहीत आहे आणि त्यातली दोन नावं तुमच्या जुन्या कार्यकारिणीत आहेत, पुढे बोलत नाही.

आणि लांबचं कशाला, मे 2020. तुम्ही मुंबईतून जीव मुठीत धरून आलात आणि आम्ही वेशीवर बांबू आडवे टाकले होते. तुम्हाला शाळेत 14 दिवस ठेवलं. मी स्वतः गिरणीला आतून कडी लावली होती आणि माझ्या सख्ख्या दिराला खिडकीतून हात केला फक्त, ते मला अजून टोचतं. पण त्या 14 दिवसांत रोज सकाळी शाळेच्या फाटकाबाहेरच्या दगडावर पेजेचं पातेलं, वर केळीचं पान, बाजूला भाजलेला सुका बांगडा असायचा की नाही? असायचा. कोण ठेवायचं, माहीत आहे तुम्हाला? ग्रुपवर तुम्ही तेव्हा पण विचारलं होतं, आभार मानायला. कोणी सांगितलं नाही. मला माहीत आहे. ज्यांच्या ओंजळीत आपण वरून पाणी ओतायचो ना, त्या वाडीतून यायचं ते पातेलं. तुमच्या 11 जणांच्या यादीत त्या वाडीतलं एक तरी नाव कोणी सुचवलंय का ग्रुपवर? मी स्क्रोल करून बघितलं. नाही.

कणकवलीजवळ गोपुरी आश्रम आहे, तुमच्यातले बरेच जण हायवेने जाताना बोर्ड बघत असाल. अप्पासाहेब पटवर्धनांनी 1948 साली काढला. या माणसाने 1932 साली रत्नागिरीच्या जेलमध्ये उपोषण केलं होतं, कशासाठी, तर मला मैला सफाईचं काम करू द्या म्हणून, ब्राह्मण म्हणून जेलवाले देत नव्हते. सफाईवाल्यांना स्टेजवर बोलावून शाल घालणं त्यांना पण जमलं असतं. त्यांनी झाडू मागितला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सत्काराला, फ्लेक्सला, शूटिंगला, मंडपाला मिळून जे काय तुम्ही काढून ठेवलंय त्यातनं पहिल्यांदा एक घडीचं स्ट्रेचर घ्या. 108 ची गाडी मेन रोडला येते, वरच्या वाडीत चढत नाही, आणि आपण अजून पेशंटला प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून घाटी उतरवतो, मागच्या पावसात पुढचा माणूस घसरला आणि आजीबाई खुर्चीसकट गडग्यावर टेकली, नशीब तेवढ्यावर भागलं. वहाळावरच्या साकवाचं एका बाजूचं रेलिंग गेलंय, शाळेची पोरं तिथून जातात. स्टॉपच्या शेडचे पत्रे. एक बल्ब. सामान आणा, मिस्त्री आणू नका, आपणच बसवू, आणि तुम्ही पण हात लावा, नुसते फोटो काढत उभे राहू नका. विसर्जनानंतर एक दिवस जास्त राहा तेवढ्यासाठी, रजेचं काय ते बघा. आणि कोणाच्या देणगीतून स्ट्रेचर आलं ते त्यावर पेंट करू नका, पेशंट झोपल्यावर तसंही दिसत नाही.

काकीबद्दल सगळे विचारतील म्हणून सांगते. आषाढात एका रात्री वाऱ्याने फ्लेक्सची एक बाजू सुटली आणि रात्रभर फडाफडा वाजत होता, सकाळी काकीनेच शिडी लावून तो खाली काढला. घडी घालून आत नेला नाही, परसात नेला आणि लाकडांच्या रासेवर पसरला, वर चार जांभे दगड. तुमचे सगळ्यांचे फोटो खालच्या बाजूला आहेत, लाकडांकडे तोंड करून, तेवढं वाईट वाटून घेऊ नका. लाकडं मात्र एकदम कोरडी राहिलीत. परवा पहाटे मी गाडीला गेले तर पडवीचा दरवाजा अर्धा उघडा होता, आधणाचा वास येत होता, आणि वाशाला पाचपैकी एक छत्री नव्हती.

फ्लेक्स पाठवायचाच असेल तर यंदा कोरा पाठवा. साइज तोच, दहा बाय आठ, माझ्या पण लाकडांना हवाय.

तुमची,
गिरणवाली वहिनी

ता.क. खजिनदार भावोजी, मागच्या वर्षी तुम्ही काकीकडून नेलेली काळ्या मुठीची छत्री अजून तुमच्याकडेच आहे. येताना घेऊन या आणि काही न बोलता वाशाला टांगा.